घरात जळते ते काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीत असताना शाळेत सावित्रीबाईंवर दहा-बारा ओळी पाठ म्हटल्या होत्या, तेवढेच काय ते माझे भाषण. पुढे लग्न झाले आणि हातात आली ती फुंकणी. चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "तुम्हांला स्वयंपाकघरावर काहीतरी बोलायचे आहे." मी म्हटले, अनरशांची कृती सांगते. तर म्हणाल्या, "कृती नको, मागच्या वर्षीच्या अंकात चार कृती आल्या." मग मी विचार केला, आपल्याला कशातले थोडेफार कळते? तेव्हा लक्षात आले की जळके काय ते मला ओळखता येत असे. "येत असे" का म्हणते, ते पुढे सांगेन.

घरात काही जळल्याचा वास आला की आपण सगळ्याजणी काय करतो? धावत चुलीकडे जातो. भात लागला की दूध उतू गेले, एवढे पाहिले म्हणजे झाले. दोन्ही ठीक असले तर म्हणतो, शेजारच्यांकडे असेल. भगिनींनो, शेजारच्यांवर ढकलण्याची ही जी सवय आहे, तिच्यामुळेच मी एकदा फजीत झाले आहे.

आधी चुलीचे बोलू. आपल्याकडे गॅस आला तरी चूल गेलेली नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियाला सुरू झाली आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिली गेली. टाकी घरोघर आली. पण ती भरून आणावयाची तर पैसे लागतात, आणि जंगल दारातच आहे. म्हणून चहा गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, असा आपला संसार चालतो. त्यात मला काही लाज वाटत नाही.

चुलीचा धूर वेगवेगळ्या लाकडांचा वेगवेगळा असतो, हे तुम्हांला मी काय सांगावे! धावडा नीट जळतो आणि डोळ्यांना त्रास थोडा देतो. सालईला डिंक असतो, तिचा धूर धुपासारखा येतो. आमच्याकडे एकदा पाहुण्या आलेल्या बाईंनी बाहेरूनच हात जोडले, त्यांना वाटले आत पूजा चालली आहे. ओल्या लाकडाचा वास आंबूस, खोकला आणणारा. नवीन चूल घालून सारविली की पहिले दोन-तीन दिवस माती-शेणाचा भाजका वास येतो, त्याला भिण्याचे कारण नाही. नवा तवा, नवी विजेची शेगडी, किंवा वर्षभर माळ्यावर पडलेली पाणी तापविण्याची सळई हिवाळ्यात पहिल्यांदा लावली तरी तसेच होते. वर बसलेली धूळ जळते, आणि थोड्या वेळात वास आपोआप जातो. जो वास कमी कमी होत जातो तो बहुधा निरुपद्रवी असतो. जो रोज थोडा वाढतो, किंवा रोज ठरल्या वेळी येतो, त्याच्या मागे लागावे.

एका लाकडापासून मात्र जपावे. बिब्याचे फळ उतते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्या लाकडाचा धूरही वाईट, हे नव्या सुनांना ठाऊक नसते. माझे नवे लग्न झाले होते तेव्हा मोळीत एक फाटा बिब्याचा आला आणि मी तो चुलीत सारला. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "काढ वो ते! तोंड सुजून जाईल!" त्यांना अंगणात वास आला आणि चुलीपुढे बसलेल्या मला आला नाही. चिमट्याने ओढून काढला तोवर डोळे चुरचुरायला लागलेच होते. दुसऱ्या दिवशी पापण्या अशा आल्या होत्या की हळदीकुंकवाला जाता आले नाही.

अलीकडे बिब्यापेक्षा वाईट वास आपण स्वतः विकत आणतो. चूल पेटेना की दुधाची पिशवी घाल, तुटकी चप्पल घाल, सायकलच्या टायरचा तुकडा घाल. पेटते लौकर, हे खरे आहे. पण तो काळा, घशाला झोंबणारा धूर भाकरीला लागतो आणि शेजारी बसलेल्या लेकराच्या छातीत जातो. रंग दिलेली जुनी चौकट, खिडकीचे फळकुट हेही जाळू नये, कारण रंगात काय काय घातलेले असते हे आपल्याला कळत नाही. पेटवायला पऱ्हाटी आहे, मक्याची बुरकुंडे आहेत, वाळलेला पालापाचोळा आहे. त्याने दोन मिनिटे उशीर होईल.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते.

२०१८ सालचा जानेवारी महिना. आपल्याकडची थंडी तुम्ही जाणताच. त्या दिवसांत विदर्भात सर्वांत खाली पारा पुष्कळदा आपल्या गोंदियाचाच असतो. त्यात आपण धरणाच्या पाण्याजवळ. थोरला मुलगा दहावीला होता, पहाटे पाचला उठून आंघोळ करून अभ्यासाला बसत असे. एवढ्या लवकर चूल कोण पेटविणार, म्हणून ह्यांनी पाणी तापविण्याची विजेची सळई आणली. मागच्या पडवीत भिंतीला एक लहान खटका होता, मोबाईल लावण्याचा, त्यातच ती खोचू लागलो.

चार-आठ दिवसांनी पडवीत मासोळीचा वास येऊ लागला. आता इटियाडोहात मासोळीचा वास येतो म्हटले तर कोण काय म्हणेल? धरण १९७० सालचे, आणि तेव्हापासून ह्या पाण्याची मासोळी आपल्या घराघरांतून येते. मी पडवी राखेने घासली. टोपली उन्हात टाकली. मांजराला दोन दिवस घराबाहेर ठेवले. वास पहाटे येई, सात-साडेसातला जाई. सासूबाईंनी निकाल दिला की मागच्या घरची बाई पहाटे मासोळी धुऊन पाणी आपल्या भिंतीकडे टाकते. ती शेजारीण मासोळी विकते, पहाटेच टोपली घेऊन निघते. वेळ तर जुळली! मी मागचापुढचा विचार न करता कुंपणापाशी जाऊन तिला बोलले. काय काय बोलले ते ह्या सभेत सांगण्याजोगे नाही.

ती भांडली नाही. टोपली खाली ठेवून आमच्या पडवीत आली, उभी राहिली, दोनदा नाक वर करून हुंगले आणि म्हणाली, "हा मासोळीचा वास नोहे वो बाई. मासोळी का घड्याळ पाहून सडते?"

मी गप्प. ती पुढे म्हणाली, "सडली तर दिवसभर वास येईल, उन्हात जास्त येईल. तुमच्या इथं पहाटे येते नं मंग जाते. पहाटे काय करता तुम्ही?"

भगिनींनो, आठ दिवस मी पडवी घासत होते, पण हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. पहाटे आम्ही सळई लावीत होतो! मुलाने दिव्याचा उजेड पाडून पाहिले. खटक्याची पांढरी पाटी पिनेच्या भोकांभोवती तपकिरी झाली होती आणि एका बाजूला वाकली होती. हात जवळ नेला तर ऊब लागली. भिंतीला लागूनच धानाची पोती रचलेली होती आणि त्यांवर ह्यांचे नायलॉनचे जाळे टाकलेले होते. रात्री कोणी सळई बंद करण्यास विसरले असते तर काय झाले असते ते मी बोलत नाही.

नंतर वायरमनने समजावून सांगितले. लहान खटका ६ अँपिअरचा असतो. सळई १५०० वॉटची, आपली वीज २३० व्होल्टची. भागाकार केला तर साडेसहा अँपिअर होतात. म्हणजे आधीच ओझे जास्त, त्यात भोके सैल, पिन नीट चिकटून बसत नाही, म्हणून तेथे उष्णता होते. खटके आणि पिना ज्या पदार्थांच्या करतात त्यांतले काही तापले म्हणजे सडक्या मासळीसारखा वास सुटतो. धूर दिसतो तो फार पुढे. आता आम्ही १६ अँपिअरचा मोठा खटका, जाड तारेचा, वेगळा घालून घेतला आहे. सळई पाण्यात बुडविल्यावरच बटण लावावे आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये, हे घरातल्या प्रत्येकाला बजावले आहे. तुमच्या घरी फ्रीजमागे, मिक्सरच्या पिनेजवळ, मोटारपंपाच्या पेटीत मासळीचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर आधी मुख्य बटण पाडा, मग मांजराला शिव्या द्या.

त्या संध्याकाळी मी शेजारणीकडे गेले. माफी मागितली. तिने चहा दिला, आणि अर्धा किलो मासोळी दिली तिचे पैसे घेतले. मला ते बरे वाटले.

तेव्हापासून वास आला की मी तिचाच प्रश्न विचारते. केव्हा येतो? काय चालू असले की येतो? कोणत्या कोपऱ्यात जास्त येतो? जळक्या कापडाचासुद्धा फरक असतो. थंडीत गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातल्या लोकांकडून घेतलेला स्वेटर आपण चुलीशी वाळत घालतो. अस्सल लोकर जळली तर केस जळल्यासारखा वास येतो, सूत जळले तर कागदासारखा, आणि मिलचा नकली धागा असला तर तो वितळून प्लॅस्टिकसारखा वास देतो व अंगाला चिकटतो. हा शेवटचा ओळखला पाहिजे, कारण चुलीपुढे बसताना आपल्या अंगावरची साडी बहुतेक वेळा त्याच धाग्याची असते.

आता जे सांगावयाचे आहे ते मी आजवर घरातही पुष्कळ दिवस सांगितले नव्हते.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरी सगळे आजारी पडलो. देवाच्या दयेने सगळे उठलो. पण माझे नाक गेले. नाक जागेवर आहे, वास गेला. पहिल्यांदा कळले ते फोडणीला हिंग घालताना. घातला की नाही, हेच समजेना. डबी नाकाला लावली, काही नाही. त्या दिवसांत पुष्कळांना असे झाले आणि बहुतेकांचे महिन्याभरात परत आले. माझे आले नाही. आणि मी ते लपविले. का लपविले? ज्या बाईला भात लागल्याचे कळत नाही ती कसली स्वयंपाकीण, असे कोणी म्हणेल म्हणून. सासूबाईंना आवडायचे की मी अंगणातून सांगते दूध उतू जाणार आहे. तो मान मला सोडवेना. भात लागला तर मी म्हणत असे, फोन आला होता. भाजीला मीठमसाला मुलीकडून चाखवून घेत असे, लाडाने म्हणून.

जून लागला. नवीन टाकी बसविली होती. संध्याकाळी सांजवात लावण्यास काडेपेटी घेऊन देवापाशी गेले. आमचे देव स्वयंपाकघरातच आहेत, खाली पाटावर. तेवढ्यात मागच्या दाराने तीच शेजारीण विरजण मागायला आली आणि उंबऱ्यावरच थांबली. "वहिनी, कायचा सडल्यासारखा वास येऊन रायला वो?"

माझ्या हातात काडी होती. ओढायची बाकी होती.

मला वास नव्हताच, पण तिच्या चेहऱ्यावरून कळले. ती पंखा लावायला बटणाकडे हात नेऊ लागली, तेव्हा मी ओरडले, "बटणाला हात लावू नको!" एवढे मात्र मला टाकी देणाऱ्यांनी सांगितलेले आठवले. बटण लावताना आणि बंद करताना दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. मी रेग्युलेटर बंद करून काढला, टाकीच्या तोंडावर दोरीचे पांढरे टोपण घट्ट बसविले, दोन्ही दारे-खिडक्या उघडल्या, आणि सगळ्यांना घेऊन बाहेर चिंचेखाली येऊन बसलो. तेथून १९०६ ह्या नंबरावर फोन केला. हा नंबर रात्रंदिवस चालतो, पाठ करून ठेवा, आणि फोन घराबाहेर येऊनच करा. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला. टाकीच्या तोंडातली रबरी रिंग चिरलेली होती. केवढीशी रिंग, कानातल्या बाळीएवढी.

ह्या गॅसचे मला नंतर मुलाने वाचून दाखविले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो जो सडक्या कांद्या-कोबीसारखा वास येतो तो मुद्दाम घातलेल्या औषधाचा, इथिल मरकॅप्टन त्याचे नाव. अमेरिकेत टेक्सास प्रांतात न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेखाली बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला. तीनशेच्या आसपास मुले व शिक्षक गेले. कोणाला वास आलाच नव्हता. त्यानंतर तिकडे गॅसला वास घालण्याचा कायदा झाला. हे ऐकले तेव्हा मी उठून परसात गेले. त्या मुलांना वास कोणी घातला नव्हता, आणि मला घातलेला वास येत नव्हता, आणि मी कोणाला सांगत नव्हते.

त्याच रात्री जेवताना मी सर्वांना सांगितले. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मले माहीत होतं. भात तीनदा लागला नं." आणि दुसऱ्या दिवसापासून निजण्यापूर्वी टाकीपाशी बसून वास घेण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. वय झाले तरी नाक शाबूत आहे.

गॅसबद्दल आणखी थोडे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास घ्यावयाचा तर वाकून घ्यावा, आणि खालचे दार आधी उघडावे. टाकी संपत आली की वास जास्त येतो हे खरे आहे, पण "संपत आली असेल" म्हणून सोडून देऊ नये. गळती आहे की काय ते पाहावेच. पाहावयाचे ते साबणाच्या पाण्याने. रेग्युलेटरच्या सांध्यावर आणि नळीवर फेस लावावा, बुडबुडे आले तर गळते आहे. आपल्याकडे काही शूर पुरुष काडी ओढून पाहतात, त्यांना स्वयंपाकघराबाहेर बसवून चहा द्यावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी. टाकीच्या गळ्यापाशी आतून ए, बी, सी, डी असे अक्षर आणि सालाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने, असे. ती तारीख उलटलेली टाकी घेऊ नये, दारातूनच परत करावी.

एका गोष्टीला मात्र नाक चांगले असूनही उपयोग नाही. निखाऱ्याचा जो विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही, धूरही नाही. लाल झालेला, धूर न येणारा निखारा आपल्याला फार चांगला वाटतो, आणि तोच आपण बंद खोलीत नेतो. माझ्या थोरल्याच्या वेळी, २००२ सालच्या थंडीत, मी माहेरी कुरखेड्याकडे होते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून, फटींत चिंध्या कोंबून, खाटेखाली शेगडी. वर ओव्याची धुरी. माझे डोके ठणकू लागले, मळमळ सुटली, आणि बाळ दूध प्यायला उठेना. आजी म्हणाली दृष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरवा. आईने मीठ-मिरच्या उतरविल्या, पण त्या शेगडीत टाकल्यावर ठसका असह्य झाला म्हणून तिने दार उघडले, आणि अर्ध्या तासात मला बरे वाटू लागले. बाळही रडले. आम्ही सगळ्यांनी दृष्टीला दोष दिला. पुष्कळ वर्षांनी मला कळले की गुण उघड्या दाराचा होता. बाळंतिणीला शेक द्यावा, आपली रीत आहे, पण शेगडी निजताना बाहेर ठेवावी आणि एक खिडकी किलकिली असू द्यावी. घरात दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले तर दृष्ट काढण्याआधी दार उघडावे.

मला वाटते, येथे बसलेल्यांत आणखी कोणाचे नाक त्या तापात गेले असेल. हात वर करा असे मी म्हणणार नाही. पण घरात कोणाला तरी सांगा. माझे थोडे परत आले आहे. मार्चमध्ये मोहफुले वाळत घातली तेव्हा काहीतरी गोडसर जाणवले. मी मुलीला विचारले, खरेच वास येतो आहे ना, की मला वाटते? ती म्हणाली, सगळ्या गावात येतो आहे, आई. गॅसचा मात्र मला अजूनही नीट येत नाही.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. आत चहा ठेवला आहे म्हणतात. पुढे बसलेल्या दोघी-तिघी नाक मुरडीत आहेत, तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या कोणीतरी उठून दूध पाहून यावे. मला काही कळत नाही.